पलटण नंबर बावीस

अध्यक्षांनी माझा परिचय करून देता देता अर्धं व्याख्यान उरकलंच आहे, उरलेलं मी करतो. 'सीमेवरची गुप्त फौज' हा विषय वाचून गर्दी बरी झालीय. बेळगावात सीमा म्हटलं की सभागृह भरतंच. पण आज सीमावादाचा महाजन अहवाल नाही, हे आधीच सांगतो. (हशा) मागे दोघं उठले बघा!

थंडी पडली की आपल्याकडे तिबेटी स्वेटरवाले येतात. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतले निवृत्त हवालदार. मुंडगोडच्या एका म्हाताऱ्या तिबेट्याशी घासाघीस करता करता मध्येच थांबले नि विचारलं, "कौन सा पलटन?" म्हाताऱ्याने घडी घालत सांगितलं, "बाईस." वडिलांना पलटणी तोंडपाठ. "बाईस गुरखा? बाईस कुमाऊँ?" "सिर्फ बाईस." झालं! स्वेटरचा भाव राहिला बाजूला, पलटणीवरून जुंपली. आई म्हणाली, स्वेटर घ्या नाहीतर त्यांना चहा पाजा, पण लोकांची वाट अडवू नका. चहा पाजला. तरी घरी येईपर्यंत "खोटं बोलतोय लेकाचा" चालूच. वर हेही, की "उभा मात्र जवानासारखा होता हं."

म्हातारा खरंच बोलत होता. चीनशी युद्ध चालू असताना, १४ नोव्हेंबर १९६२ ला ही तिबेटी फौज उभारली. तळ डेहराडूनजवळचं चक्राता, प्रमुख मेजर जनरल सुजनसिंग उबान, शस्त्रं आणि प्रशिक्षण यांत सीआयएचा, म्हणजे अमेरिकी गुप्तचर संस्थेचा हात. उबान पूर्वी २२ माउंटन रेजिमेंटचे, म्हणून ही 'एस्टॅब्लिशमेंट २२'. कारभार लष्कराकडे नाही, गुप्तचर खात्याकडे. वडिलांच्या यादीत ती सापडणार कुठून?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे परिचयाची वीस माझ्याच खात्यातून गेली! बरं, मुख्य मुद्दा. परक्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या अशा फौजेला तिची स्वतःची लढाई सहसा मिळत नाही. हे लोक भरती झाले ते ल्हासाला परतण्यासाठी. १९७१ साली सुमारे तीन हजार जण उतरवले पूर्व पाकिस्तानात, चितगावच्या डोंगरात, पाकिस्तानी फौजेवर. हातात बल्गेरियन रायफली, म्हणजे भारताचं नाव नको. ५६ मेले, १९० च्या आसपास जखमी. शौर्यपदकं नाहीत, काहींना रोख बक्षिसं.

दुसरीकडे नेपाळातल्या मुस्तांगमध्ये सीआयएने पोसलेले, गनिमी काव्याने लढणारे तिबेटी होते. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनशी जुळवायला पेकिंगला गेले, तोवर अमेरिकेचा त्यांच्यातला रस संपला होता. १९७४ साली नेपाळी सैन्याने त्यांची शस्त्रं काढून घेतली. लाओसमध्ये हमोंग या डोंगरी जमातीचे लोक सेनापती वांग पाओंच्या हाताखाली आपले डोंगर राखायला उभे राहिले आणि अमेरिकेसाठी उत्तर व्हिएतनामी सैन्य थोपवत मेले. १९७५ मध्ये वांग पाओंना विमानाने बाहेर काढलं. हजारो हमोंग मागे राहिले, मेकाँग ओलांडून पळाले.

बावीस मात्र अजून आहे. २०२० मध्ये लडाखला त्यांचा जवान न्यिमा तेनझिन सुरुंगाच्या स्फोटात गेला, तेव्हा लेहमध्ये उघडपणे अंत्यसंस्कार झाले. तसं का झालं, यावर खरं तर अर्धा तास हवा. पण सभागृहाच्या किल्लीवाले दारात उभे आहेत. प्रश्न असतील तर खाली चहाच्या गाड्यावर या.