गरोदरपणातील खाज, यकृत आणि आतड्यातले जीवाणू

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत काही स्त्रियांचे तळहात आणि तळपाय खाजू लागतात. पुरळ कुठेच नसते, पण रात्री खाज इतकी वाढते की झोप लागत नाही. कातडी ताणली की खाजणारच, असे म्हणून घरोघरी खोबरेल तेल लावले जाते आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपता कामा नये, कारण या खाजेचे मूळ यकृतात असू शकते. या आजाराला गरोदरपणातील कोलेस्टॅसिस (पित्ताचा प्रवाह मंदावणे) म्हणतात.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थ पचवण्यास मदत करतात आणि त्यांतील सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन यकृतात परततात. शोषण होत असतानाच तेथील पेशी एफजीएफ-१९ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात आणि तो निरोप मिळाल्यावर यकृत नवी पित्ताम्ले बनवणे कमी करते. जीवाणूंचा संबंध येतो तो इथे. पित्ताम्लांना यकृताने जोडलेले अमिनो आम्ल काही जीवाणू तोडून टाकतात, आणि गरोदरपणात ही तोडणी वाढते. त्यामुळे आतड्यातले शोषण कमी होते, निरोप क्षीण होतो आणि यकृताचे उत्पादन चालूच राहते. त्यातच गरोदरपणातील संप्रेरकांमुळे किंवा जनुकीय दोषामुळे पित्त यकृतातून नीट बाहेर पडेनासे झाले, तर पित्ताम्ले रक्तात साचतात.

२०२३ मध्ये चिनी संशोधकांनी अशा रुग्णांच्या आतड्यातले जीवाणू उंदरांत सोडले, तेव्हा उंदरांतही आजाराची लक्षणे दिसली आणि बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या जीवाणूकडे बोट वळले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण त्याच्या आधारावर गरोदर स्त्रीने प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त जीवाणूंच्या, गोळ्या घ्याव्यात, असे मुळीच नाही.

धोका मुख्यतः बाळाला असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, एकच बाळ असलेल्या ज्या मातांच्या रक्तात पित्ताम्ले प्रतिलिटर १०० मायक्रोमोल किंवा अधिक होती, त्यांच्यात मृत जन्माचे प्रमाण ३.४४ टक्के आढळले. ४० पेक्षा कमी असताना ते ०.१३ टक्के होते. अर्सोडिऑक्सीकोलिक आम्ल हे नेहमीचे औषध बाळाचा धोका कमी करते, असे त्याच वर्षीच्या ६०५ स्त्रियांवरील चाचणीत दिसले नाही. म्हणूनच पित्ताम्लांची रक्तचाचणी वेळेवर आणि गरजेप्रमाणे पुन्हा होणे, आणि त्या आकड्यावरून डॉक्टरांनी प्रसूतीची वेळ ठरवणे, याला मोल आहे. बाळंतपणानंतर खाज बहुधा थांबते, मात्र पुढच्या खेपेस ती परतण्याची शक्यता बरीच असल्याने पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना हा इतिहास सांगावा.