कॉम्प्युटर रखडतोय? आधी स्पीड बघा
(म्हापशातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कॉम्प्युटर रखडायला लागला की आपण विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडतो, सीपीयूपुढे, म्हणजे प्रोसेसरपुढे, ९८ टक्के दिसतात आणि दुकानदाराला फोन जातो. तो म्हणतो, रॅम वाढवा. माझं सांगणं एवढंच, की परफॉर्मन्सच्या पानावर त्या टक्क्यांजवळच स्पीड (आत्ताचा वेग) आणि बेस स्पीड (ठरलेला मूळ वेग) असे दोन आकडे असतात, ते आधी वाचा.

रायबंदर-चोडण फेरीला रांग लागली म्हणजे गाड्याच वाढल्या असं नाही, बोट सावकाश चालली असेल. इंटेलचा आय५-१२४०० हा प्रोसेसर घ्या. बेस स्पीड २.५ गिगाहर्ट्झ, टर्बोत, म्हणजे जोर लावून धावताना, ४.४पर्यंत. तो चारच्या आसपास धावतोय आणि टक्के ९८, तर काम खरंच जास्त आहे. तोच ०.८वर अडकलाय, तर त्याला कोणीतरी धरून ठेवलंय.

त्यात आणखी एक गोम. विंडोज ८पासून टास्क मॅनेजर हे टक्के बेस स्पीडच्या हिशेबानं दाखवत आला. त्यामुळे ०.८वर अडकलेला हा प्रोसेसर जीव तोडून राबत असला तरी आलेख ३२ टक्क्यांच्या आसपास थांबतो, आणि आपण म्हणतो, सीपीयू तर रिकामाच आहे! विंडोज ११मध्ये २०२५ साली हा हिशेब बदलला. जुन्या मशीनवर अजून तसाच आहे.

काम खरंच जास्त असेल तर सोपं आहे. सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, खाणारा वर येतो. बहुधा अँटिव्हायरसचं स्कॅनिंग, अपडेट नाहीतर ब्राउझर. डिटेल्समध्ये ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ९५ दाखवतो म्हणून घाबरू नका, ती प्रोसेसरची फुरसत. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर मात्र संशय घ्या; टास्क मॅनेजर उघडताच गप्प बसणारे मायनर, म्हणजे आपल्या मशीनवर चोरून क्रिप्टोचलन काढणारे प्रोग्रॅम, असतात.

आता धरून ठेवणारे. पहिली उष्णता. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो. आपल्याकडे धूळ नुसती धूळ राहत नाही, पावसाळ्याच्या दमटपणानं पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये तिचा नमदा बसतो. वर आपण कॉम्प्युटरचा डबा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबतो. तो बाहेर काढा, पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअर मारा, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट बदला.

दुसरी वीज. याच प्रोसेसरला टर्बोत ११७ वॉट घेता येतात, पण बेस पॉवर ६५. मदरबोर्ड त्याला ६५वर आणतो तेव्हा वेग थोडा उतरतो, तो दोष नव्हे. दोष कसा दिसतो, ते डिचोलीच्या एका डीटीपीवाल्याकडे बघितलं. चतुर्थीचे अंक अंगावर, पीडीएफ काढायला लागला की पाचेक मिनिटांत स्पीड ०.८. प्रोसेसरचं तापमान जेमतेम ६०. रॅम बदलून झाली होती, फॉरमॅटही मारून झाला होता. साइड पॅनल काढून आतल्या बोर्डावर टेबलफॅन लावला, आणि वेग उतरेना. तापत होता प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग, व्हीआरएम. बऱ्याच स्वस्त बोर्डांत त्यावर हीटसिंकच नसतो. तो तापला की बोर्ड प्रोसेसरला ‘प्रॉकहॉट’चा इशारा देतो आणि वेग कोसळतो.

थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा इशारा चालू-बंद करायची टिक आहे, ती काढून इशारा बंद करायचं सर्रास सुचवलं जातं. खोटा इशारा देणारा सेन्सर ओळखायला ठीक, पण टिक कायमची काढून ठेवू नका; बोर्ड जळू शकतो. विंडोज १०मध्ये २०१७ साली आलेलं ‘पॉवर थ्रॉटलिंग’ही रजिस्ट्रीत जाऊन बंद करतात. ते फक्त मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमांपुरतं आहे, या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. त्यापेक्षा पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० आहे का ते बघा.

आणि व्होल्टेज. लाइट मंद झाली म्हणून कॉम्प्युटर हळू झाला, असं गावोगाव ऐकतो. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा, एक तर पुरेशी वीज देतो, नाहीतर मशीन बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं. तेव्हा स्पीड ०.८ असेल तर वीज खात्याला शिव्या घालण्याआधी एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर उघडा. ‘परफॉर्मन्स लिमिट रीझन्स’खाली कुठल्या ओळीपुढे ‘येस’ लिहिलंय ते बघा आणि त्याचा फोटो घेऊनच दुकानात जा.