टेबलापलीकडचा कागद

(पडद्यावर: जुन्या वर्तमानपत्राची पानं, प्रयोगशाळेचे कृष्णधवल फोटो)

साल १९२१. थॉमस एडिसन यांच्याकडे नोकरी मागायला आलेल्या पदवीधरांपुढे एक प्रश्नपत्रिका ठेवली जायची. दीडशेच्या आसपास प्रश्न. फ्रान्सला लागून कुठले देश आहेत? व्होल्गा नदी कुठे आहे? लॉगॅरिदमचा शोध कुणी लावला? रॉकेलची पिंपं कुठल्या लाकडाची करतात? बहुतेक जण नापास व्हायचे आणि एडिसन कॉलेजच्या शिक्षणावर तोंडसुख घ्यायचे. शेवटी प्रश्न फुटले आणि वर्तमानपत्रांत छापून आले. त्याच वर्षी आइनस्टाइन अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. त्यांना त्यातलाच एक प्रश्न विचारला गेला, ध्वनीचा वेग किती? ते म्हणाले, पुस्तकात सापडणारी माहिती मी डोक्यात बाळगत नाही.

आइनस्टाइनना ते परवडणारं होतं. नोकरी मागायला आलेल्याला मात्र अशा परीक्षेची तयारी एकाच प्रकारे करता येते, पाठांतर करून. शंभर वर्षं उलटली तरी मुलाखतीच्या आदल्या रात्री बहुतेक जण तेच करत बसलेले असतात. नेहमीचे पन्नास प्रश्न, त्यांची आदर्श उत्तरं, आणि ‘तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?’ याला ‘मी जरा जास्तच परिपूर्णतेच्या मागे लागतो’. हे उत्तर ऐकून ज्याला जांभई आली नाही असा मुलाखतकार मिळणं अवघड आहे.

(पडद्यावर: रिकामी खोली, टेबल, एक फॉर्म, त्यावर पेन)

मुलाखतकाराच्या या फॉर्मकडे नीट बघा. पुढची गोष्ट त्याचीच आहे.

१९१५ साली वॉल्टर डिल स्कॉट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधी तपासणी मांडली. सहा व्यवस्थापक, आणि विक्रेत्याच्या नोकरीसाठी आलेले ३६ उमेदवार. प्रत्येक व्यवस्थापकाने सगळ्यांना भेटायचं आणि क्रम लावायचा. ३६पैकी २८ जणांच्या बाबतीत हा माणूस यादीच्या वरच्या अर्ध्यात बसतो की खालच्या, इतक्यावरसुद्धा सहा जणांचं एकमत झालं नाही. सगळे अनुभवी होते, आणि माणूस बघताक्षणी ओळखतो असं वाटणारेही त्यांच्यात असणारच.

मग १९५०च्या दशकात इस्रायलच्या सैन्यात विशीतल्या एका तरुण अधिकाऱ्याकडे भरतीच्या मुलाखती सुधारायचं काम आलं. डॅनियल कानेमान त्याचं नाव. पुढे २००२ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तोवर मुलाखतकार पंधरा-वीस मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचे आणि हा चांगला सैनिक होईल की नाही याचा एकूण अंदाज द्यायचे. तो अंदाज जवळजवळ निरुपयोगी ठरत होता. कानेमानने सहा गुण ठरवले. जबाबदारीची जाणीव, लोकांत मिसळणं, असे. प्रत्येक गुणासाठी त्याने वेगळे प्रश्न काढले आणि तेही घडून गेलेल्या गोष्टींबद्दल. आजवर किती ठिकाणी काम केलं? वेळेवर जायचास का? मित्रांना किती वेळा भेटतोस? एका गुणाचे प्रश्न संपले की लगेच त्याचे मार्क लिहायचे आणि मगच पुढच्या गुणाकडे जायचं.

मुलाखतकार भडकले. आम्हाला यंत्रमानव करून टाकतोयस, म्हणाले. तेव्हा त्याने तडजोड केली: सहाही मार्क लिहून झाल्यावर डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून कसा असेल ते डोळ्यांसमोर आणा आणि एक ते पाचमध्ये एक आकडा द्या. नवी पद्धत जुनीपेक्षा बरीच सरस ठरली. गंमत म्हणजे डोळे मिटून दिलेला तो आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. पण तो त्या सहा नोंदींनंतर दिलेला होता, हे विसरून चालत नाही.

आज मोठ्या कंपन्यांमध्ये, सरकारी भरतीत, रुग्णालयांत ज्या आखीव मुलाखती होतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे. सगळ्यांना तेच प्रश्न, ठरलेले निकष आणि निकषागणिक मार्क. २०२२ साली मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाचा पुन्हा हिशोब मांडला. माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज बांधण्यात आखीव मुलाखत सगळ्यांत वर आली आणि गप्पांसारखी मुलाखत बरीच मागे पडली.

(पडद्यावर: एक हात फॉर्मच्या रकान्यात चार शब्द लिहितो)

उमेदवारासाठी याचा अर्थ काय? तुम्ही खोलीतून बाहेर पडता, तुमच्या पाठोपाठ आणखी चार जण येऊन जातात. संध्याकाळी पॅनेल निर्णयाला बसतं तेव्हा तुमचा चेहरा पुसट झालेला असतो. समोर असतो तो कागद, आणि त्यावर तुमच्या नावापुढे खरडलेले पाच-दहा शब्द. ते शब्द काय असावेत, याची तयारी करायची असते.

आणि ती सुरू होते नोकरीच्या जाहिरातीपासून. बहुतेक लोक जाहिरातीत पद, पगार आणि अनुभवाची अट बघतात आणि अर्ज करतात. मुलाखतीचं बोलावणं आलं की तीच जाहिरात परत काढा, छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. ‘एकाच वेळी अनेक कामं हाताळण्याची क्षमता’, ‘ग्राहकांशी संवाद’, ‘मुदतीत काम’. प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढा. बऱ्याच वेळा फॉर्मवरचे रकाने याच वाक्यांमधून आलेले असतात. म्हणजे प्रश्नपत्रिकेचा मोठा भाग त्यांनीच आधी तुमच्या हातात दिलेला असतो.

आता प्रत्येक रेघेसमोर एक प्रसंग लिहा. खराखुरा, तुमच्या हातून घडलेला. पाच-सहा चांगले प्रसंग पुरतात, कारण एकच प्रसंग दोन-तीन रकान्यांत बसतो.

एक उदाहरण घेऊ. पद गोदाम व्यवस्थापकाचं. प्रश्न आला, ‘कामातला एखादा घोळ तुमच्या लक्षात आला आणि तुम्ही तो निस्तरला, असा प्रसंग सांगा.’

पहिला उमेदवार म्हणतो, ‘मी मुळातच काटेकोर आहे. चूक झालेली मला खपत नाही. आमच्या टीममध्ये आम्ही नेहमीच गुणवत्तेला महत्त्व दिलं.’ कागदावर काय उमटलं? काटेकोर, असं स्वतःच म्हणतो. पुढे रकाना कोरा.

दुसरी म्हणते, ‘महिनाअखेरीला माल मोजला की नोंदीपेक्षा नेहमी कमीच भरायचा. सगळ्यांना चोरीचा संशय होता. मी दोन आठवडे बाहेर जाणाऱ्या मालाच्या पावत्या दोन्ही पाळ्यांत स्वतः तपासल्या. खराब निघालेला माल रात्रपाळी पुरवठादाराला परत पाठवत होती, त्याची नोंद सकाळच्या पाळीने करायची, पण पावती सकाळपर्यंत पोचतच नव्हती. मी रात्रीच नोंद करायचा तक्ता बनवला आणि वरिष्ठांकडून तो मंजूर करून घेतला. पुढच्या महिन्यात तफावत जवळजवळ राहिली नाही.’

एका मिनिटात संपलं. पण मुलाखतकाराला लिहायला काय काय मिळालं ते बघा: ऐकीव संशयावर थांबली नाही, स्वतः तपासलं, कारण शोधलं, परवानगी घेतली, परिणाम सांगितला. शिवाय आता तो पुढे खणू शकतो. ‘रात्रपाळीवाल्यांना राग आला असेल ना?’ खरा प्रसंग असला की याचंही उत्तर आपोआप येतं. रचलेला असला की इथेच माणूस अडखळतो.

मुलाखतीचे प्रशिक्षक याला ‘स्टार’ची चौकट म्हणतात. सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं: परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम. चौकट चांगली आहे, पण बहुतेक जण परिस्थिती सांगण्यातच सगळा वेळ घालवतात. कंपनी कधी सुरू झाली, कुठल्या विभागात किती लोक होते, साहेब कसे होते. मुलाखतकाराला त्यात रस नाही. त्याचं पेन ‘मग मी’ या शब्दांची वाट बघत असतं. ‘आम्ही केलं’, ‘टीमने ठरवलं’ हे विनयाचं बोलणं कानाला गोड लागतं, पण त्यातून मार्क कुणाच्या नावावर टाकायचे ते कळत नाही. टीमचं श्रेय टीमला द्या आणि आपला वाटा स्पष्ट सांगा.

नवख्यांना वाटतं, आपल्याकडे प्रसंग कुठून असणार? कॉलेजचा रखडलेला प्रकल्प, स्नेहसंमेलनाचा कोलमडलेला हिशोब, घरचा व्यवसाय सांभाळतानाची अडचण, हे सगळं चालतं. मधल्या काळात नोकरी नसेल तर कारण एका वाक्यात, खरं, आणि लगेच पुढे. जुन्या साहेबांची निंदा नको. पगाराचा आकडा विचारला जाणारच, तेव्हा त्या पदाला बाजारात काय मिळतं ते आधी शोधून ठेवा.

(पडद्यावर: फोनसमोर एकटी बसून बोलणारी मुलगी)

प्रसंग लिहून झाले की वही मिटा. आपण सहसा उलट करतो, लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचत बसतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे पुढे गेले. म्हणून फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि मोठ्याने बोला, दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत. मग ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं फार छळवादी असतं, पण ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ किती वेळा येतं ते दुसरं कुणी तुम्हाला सांगणार नाही.

थांबायचाही सराव करा. २००९ साली दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी फक्त पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो, असं त्यात दिसलं. म्हणून उत्तर देण्याआधी घेतलेले तीन सेकंद बोलणाऱ्याला युगासारखे वाटतात. ते घ्या. ‘जरा विचार करून सांगते’ म्हणणाऱ्याचे मार्क कुणी कापत नाही.

राहिली धडधड. मुलाखतीआधी स्वच्छतागृहात कमरेवर हात ठेवून विजेत्यासारखं उभं राहायचा सल्ला २०१०च्या एका अभ्यासानंतर जगभर फिरला. असं उभं राहिल्याने शरीरातली संप्रेरकं बदलतात, असा त्याचा दावा होता. पुढच्या मोठ्या चाचण्यांत संप्रेरकांवरचा त्याचा परिणाम दिसला नाही, आणि मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेच २०१६ साली त्यावरचा आपला विश्वास उडाल्याचं जाहीर केलं. आवडत असेल तर उभे राहा, नुकसान नाही. जास्त उपयोगी गोष्ट संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४च्या प्रयोगांत आढळली. भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांनी चांगली भाषणं केली. भीतीत आणि उत्साहात छाती सारखीच धडधडते, तिला दाबण्यापेक्षा नाव बदलणं सोपं जातं.

कपड्यांबद्दल इंटरनेटवर हवं तेवढं सापडेल. स्वच्छ आणि त्या कार्यालयात शोभतील असे असले की झालं. ऑनलाइन मुलाखत असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून, आणि आदल्या दिवशी एकदा कुणाशी तरी जोडून बघा.

(पडद्यावर: मुलाखतकार पेन खाली ठेवतो)

आणि मग तो प्रश्न येतो, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ ‘नाही, सगळं कळलं’ हे उत्तर दुर्दैवाने फार लोकप्रिय आहे. विचारा, पहिल्या सहा महिन्यांत या पदावरच्या माणसाने काय केलं तर तुम्हाला समाधान वाटेल? आधीची व्यक्ती का गेली? टीमला सध्या सर्वांत जास्त कशाचा त्रास होतोय? उत्तर देताना समोरचा आढेवेढे घ्यायला लागला, तर तीही माहितीच आहे. नोकरी स्वीकारायची की नाही हे ठरवताना ती कामी येते.

बाहेर पडलात की पहिल्या दहा मिनिटांत, घरी पोचायच्या आत, विचारलेले सगळे प्रश्न फोनवर टिपून घ्या. कुठे अडखळलात, कुठल्या प्रसंगावर त्यांनी खणून विचारलं, तेही. निकाल काहीही लागो, तशाच पदाच्या पुढच्या मुलाखतीत यातले बरेच प्रश्न पुन्हा भेटतात.