आधी कॅरीमॅट, मग तंबू : सह्याद्रीतला एकट्याचा हिवाळी मुक्काम

मित्रमैत्रिणींनो, हिवाळ्यात एकट्याने डोंगरावर मुक्काम करायचे मनात आले की बहुतेक जण आधी तंबू कोणता घ्यावा हे विचारतात. हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा, असे माझे मत आहे. सह्याद्रीत डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पाऊस जवळजवळ नसतो आणि बर्फाचा तर प्रश्नच येत नाही, त्यामुळे तंबूवाचूनही रात्र निभावता येते. अंगाखाली नीट कॅरीमॅट, म्हणजे जमिनीवर अंथरायची पातळ गादी, नसेल तर मात्र उत्तम तंबूतसुद्धा पहाटे तीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. त्यातही आपण एकटे आहोत ही गोष्ट खरेदी करताना सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण सोबत्याच्या पांघरुणात शिरण्याची सोय नसते आणि एखादी वस्तू बिघडली तर दुसऱ्याकडून मागून घेता येत नाही.

आधी आपल्याकडची थंडी कशी असते ते पाहू. उंची वाढली की हवा थंड होते, हे आपण शाळेत शिकलो. साधारणपणे दर हजार मीटरला साडेसहा अंशांचा फरक पडतो. पण निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री हा हिशेब उलटतो. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून ओघळत खोलगट भागात साठते. महाबळेश्वरात गावापेक्षा वेण्णा तलावाच्या परिसरात पारा खाली जातो आणि दव गोठल्याच्या बातम्या तिथूनच येतात, त्याचे कारण हे आहे. निफाडसारखे सपाटीवरचे गाव हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानासाठी वर्तमानपत्रांत झळकते, त्यामागेही बऱ्याच अंशी हीच प्रक्रिया असते.

मुक्कामाची जागा निवडताना याचा थेट उपयोग होतो. हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घेऊ. गडाचा माथा सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे आणि थंडीच्या दिवसांत तिथे पहाटे तापमान सहज एक अंकी होते. कोकणकड्याच्या धारेवर तंबू लावण्याचा मोह सर्वांना होतो, पण तिथे वाऱ्याला आडोसा नाही आणि रात्री अंधारात बाहेर पडणाऱ्या एकट्या माणसाला कडा जवळ असणे परवडणारे नाही. उलट टोकाला, ओढ्याच्या किंवा पाण्याच्या टाक्याच्या शेजारची खोलगट जागा वाऱ्यापासून सुरक्षित वाटते, मात्र गार हवा तिथेच येऊन बसते आणि दवही तिथेच अधिक पडते. या दोन्हींच्या मधली, किंचित उंचवट्यावरची आणि झाडीचा आडोसा असलेली जागा शोधावी. वरच्या कातळात आग्या मोहोळ लटकत नाही ना, हे दिवसाउजेडी पाहून घ्यावे. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा तंबू कुठे लावता येईल याची चौकशी गावात आणि वनविभागाकडे आधीच करावी. शेकोटीचा विचार सोडून द्यावा. वाळलेल्या गवतात एक ठिणगी वणव्याला पुरते.

आता कॅरीमॅटकडे येतो. स्लीपिंग बॅगेतला भराव ऊब देतो तो त्यात अडकलेल्या हवेमुळे. आपण आडवे झालो की पाठीखालचा भराव दबून सपाट होतो, त्यातली हवा निघून जाते आणि शरीराची ऊब सरळ कातळात जाऊ लागते. त्यामुळे खालची बाजू राखण्याचे काम बॅगेचे नसून मॅटचे आहे. मॅटच्या या क्षमतेला आर-व्हॅल्यू म्हणतात आणि २०१८पासून ती मोजण्याचे एक समान प्रमाण उपलब्ध आहे. साध्या फोमच्या मॅटची आर-व्हॅल्यू बहुधा एक ते दोनच्या दरम्यान असते. दोन मॅट एकावर एक घातल्या तर त्यांच्या आकड्यांची बेरीज होते, ही फार सोयीची गोष्ट आहे. सह्याद्रीसाठी दोनच्या आसपासचा आकडा बहुतेकांना पुरतो. पुढे हिमालयात बर्फावर झोपायचे असेल तर चार-पाचच्या पुढे जावे लागते. हवा भरायच्या गाद्या मऊ आणि उबदार असतात, पण करवंदीचा एक काटा त्यांना पुरेसा आहे. एकट्याने जाणाऱ्याने निदान सुरुवातीला फोमच वापरावा, कारण त्याला भोक पडले तरी काही बिघडत नाही.

स्लीपिंग बॅग घेताना वेष्टनावरचे आकडे नीट वाचावेत. आयएसओ २३५३७ या प्रमाणानुसार तपासलेल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ अशी तीन तापमाने दिलेली असतात. चाचणीसाठी गरम केलेला पुतळा वापरतात. त्याच्या अंगात कपडे असतात आणि खाली मॅट असते, म्हणजे मॅट नसेल तर त्या आकड्यांना अर्थ उरत नाही. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा जीव वाचण्याचा आहे, झोप लागण्याचा नाही, आणि विक्रेते नेमका तोच ठळक छापतात. आपण ‘कम्फर्ट’, म्हणजे आरामात झोप लागण्याचा आकडा, पाहावा. सह्याद्रीसाठी तो पाच अंशांच्या आसपास असावा आणि थंडी अधिक बाधत असेल तर शून्याच्या. ज्या स्वस्त बॅगेवर एकच आकडा आहे आणि प्रमाणाचा उल्लेख नाही, त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. पिसांची बॅग हलकी असते, पण ओलावली की बसते. आपल्याकडचे दव पाहता कृत्रिम तंतूंची, थोडी जड आणि स्वस्त बॅग मला अधिक व्यवहार्य वाटते.

कपड्यांविषयी थोडक्यात सांगतो. चढताना घामाने भिजलेला सुती सदरा सूर्यास्तापूर्वी उतरवावा आणि झोपण्यासाठी राखून ठेवलेला कोरडा जोड, लोकरी मोजे आणि कानटोपी चढवावी. हा जोड दिवसा काहीही झाले तरी वापरायचा नाही.

तंबू दुहेरी कापडाचा असावा आणि एकट्याला उभारता येईल असा, खुंट्यांवाचून स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा असावा, कारण गडांच्या माथ्यावर मातीचा थर पातळ असतो आणि चार बोटे खाली कातळ लागला की खुंटी वाकते. त्या वेळी दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. वाऱ्याला घाबरून लोक सगळ्या खिडक्या बंद करतात आणि तिथेच फसतात. रात्रभर श्वासातून बाहेर पडलेली वाफ आतल्या गार कापडावर धरते, पहाटे ते थेंब ओघळून कोपऱ्यांत जमतात आणि बॅगेचे पायांकडचे टोक कापडाला टेकले असेल तर हाताला ओले लागते. वरचे झरोके उघडे ठेवल्याने आत थोडे गार वाटेल, पण बॅग कोरडी राहील.

गॅसची शेगडी तंबूत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गुंगी आलेल्या एकट्या माणसाला हलवून उठवणारे कोणी नसते. गॅस बाहेर पडताना डबा स्वतःच गार होत जातो आणि ज्योत मंदावते. निव्वळ ब्यूटेन तर शून्याच्या जरा खालीच वायुरूप होणे थांबवतो. पहाटेच्या चहाआधी डबा थोडा वेळ जाकिटात धरला की काम भागते. मोबाइल आणि टॉर्चच्या बॅटऱ्याही थंडीत लवकर उतरतात, म्हणून त्या बॅगेत घेऊन झोपावे.

शरीराचे तापमान उतरू लागले की बोलणे अडखळते, हालचाली अवघडतात आणि निर्णय चुकतात. सोबतीला कोणी असेल तर त्याच्या ते लक्षात येते. स्वतःचे स्वतःला उमगत नाही. म्हणून एक कसोटी ठरवून ठेवावी : अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून पाहावा. तो टेकत नसेल तर बाकी सारे बाजूला ठेवून कोरडे कपडे, बॅग, काहीतरी गोड आणि गरम पाणी, एवढेच करावे. घरी वाट आणि मुक्कामाची जागा लिहून द्यावी, शिवाय ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२वर कळवा’ अशी स्पष्ट वेळही द्यावी. गळ्यात शिट्टी असावी. मिनिटाला सहा वेळा वाजवलेली शिट्टी ही डोंगरातली संकटाची खूण आहे.

सुरुवात गच्चीवर करावी आणि तंबू अंधारात, टॉर्चवर लावून पाहावा. दुसरी रात्र हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईसारख्या गावात, एखाद्या घराच्या अंगणात परवानगी घेऊन काढावी, म्हणजे फारच गारठलो तर ओसरी चार पावलांवर असते. त्यानंतर माथ्यावर जावे, पण ३१ डिसेंबरला नको. त्या रात्री गडावर जत्रा असते. या पहिल्या रात्रींसाठी तंबू आणि बॅग भाड्याने घ्यावी, पुण्या-मुंबईत आणि नाशकात ती मिळते. आपल्याला थंडी किती बाधते हे कळले की त्यानुसार बॅगेचा आकडा ठरवून ती विकत घ्यावी. घरी आणलेली बॅग तिच्या आवळ पिशवीत कोंबून न ठेवता सैल कापडी पिशवीत ठेवावी, नाहीतर भराव दबून राहतो आणि पुढच्या हिवाळ्यात ती पूर्वीइतकी फुगत नाही.