फॅरेडेचं कडं आणि बिनतारेचं चार्जिंग

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात लोकलमधून भिजून घरी यावं, तर फोनच्या चार्जिंगच्या भोकात ओल. पिन लावायची धास्तीच वाटते. आता बऱ्याच घरांत एक चपटी चकती दिसते. फोन तिच्यावर नुसता ठेवायचा, बॅटरी भरू लागते. कशी?

त्यासाठी लंडनला जाऊ, 1831 साली. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून विज्ञान शिकला. मुलांच्या हाती पुस्तकं पडलीच पाहिजेत, श्रोतेहो. आपल्या दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मुलांना घेऊन जा, हे मी प्रत्येक भाषणात सांगणार!

तर 29 ऑगस्टला फॅरेडेनं नरम लोखंडाचं एक कडं घेतलं. एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे, दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे वेढे. तारा एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये कापड आणि सुतळी. दुसरी तार लांब नेऊन चुंबकसूचीवरून, म्हणजे होकायंत्रात असते तशा सुईवरून फिरवली. मग पहिलीला बॅटरी जोडली. सुई हलली! म्हणजे दुसऱ्या तारेत वीज आली. पण सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी जोडलेलीच आहे, पहिल्या तारेत वीज वाहतेच आहे, सुई मात्र स्वस्थ. बॅटरी काढली, सुई पुन्हा हलली! म्हणजे वीज नुसती वाहून भागत नाही, ती बदलावी लागते. पुन्हा सांगतो, बदलावी लागते.

तुमच्या चकतीत हेच चालतं. चकतीत तारेचं एक वेटोळं, फोनच्या पाठीत दुसरं. चकतीतली वीज सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा बदलते, तिचं चुंबकीय क्षेत्रही बदलत राहतं आणि फोनच्या वेटोळ्यात वीज उभी राहते. फोन ती एकाच दिशेची करून बॅटरीत भरतो.

इंडक्शन शेगडीही याच तत्त्वावर चालते, तिच्यावरच्या धातूच्या भांड्यात अशीच वीज उभी राहून ते तापतं. म्हणून फोन आणि चकतीच्या मध्ये नाणं, किल्ली, धातूचं कव्हर नको, तापतं. दोन्ही वेटोळी बरोबर समोरासमोर हवीत, नाहीतर वीज वाया जाते आणि फोन गरम होतो. नव्या काही फोनांत त्यासाठीच चुंबक बसवलेले असतात. तुमच्या फोनात नसतील, तर चार्जिंगची खूण दिसेपर्यंत फोन जरा इकडेतिकडे सरकवा. आणि हो, भिजलेल्या फोनची पाठ आधी कोरडी पुसून घ्या.