एदेनच्या दाराबाहेर : मसाच्चोचे आदाम आणि हव्वा

आधी हव्वेचा चेहरा बघा, बाकी सगळं नंतर. मान मागे टाकलीय, भुवया वर ओढल्यात, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन काळ्या खाचा, आणि तोंड उघडं. रडता रडता माणूस मध्येच श्वास घ्यायला थांबतो ना, अगदी तो क्षण आहे हा. शेजारी आदाम. त्याचा तर चेहराच दिसत नाही, दोन्ही हातांनी झाकून घेतलाय त्याने. पण पोट बघा त्याचं, कसं आत ओढलं गेलंय, हुंदका दाबताना जातं तसं.

हे चित्र आहे इटलीत, फ्लॉरेन्सला, आर्नो नदीच्या पलीकडे सांता मारिया देल कार्मिने नावाच्या चर्चमध्ये, त्यातल्या ब्रांकाच्ची चॅपलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थना-दालनाच्या, तोंडाशीच, डाव्या खांबावर वरच्या बाजूला. दोन मीटरच्या थोडंसं वर उंची आणि रुंदी जेमतेम 90 सेंटिमीटर. म्हणजे आपल्या घरातल्या दरवाजाएवढंच की! चित्रसुद्धा दाराचंच आहे, मनाई केलेलं फळ खाल्लं म्हणून देवाने बायबलमधल्या ह्या पहिल्या जोडप्याला एदेन बागेतून बाहेर काढलंय, वर लाल कपड्यातला देवदूत तलवार घेऊन उभा आहे आणि हे दोघं चालतायत.

काढणाऱ्याचं नाव तोमासो. पण गावभर त्याला मसाच्चो म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं गबाळा तोमा, कारण कपडे, पैसे, कशाकडे लक्षच नाही. जन्म डिसेंबर 1401 चा, आणि हे काम साधारण 1425 च्या आसपासचं, म्हणजे वय किती, तेवीस-चोवीस! त्याच्याबरोबर काम करणारा दुसरा चित्रकारही तोमासोच, त्याला म्हणायचे मासोलिनो, तो जवळजवळ 18 वर्षांनी मोठा. आता कॅमेरा समोरच्या उजव्या खांबाकडे नेऊया. तिथे मासोलिनोचे आदाम-हव्वा आहेत, फळ खाण्याच्या प्रसंगातले. सुंदर आहेत, नाही असं नाही, अंग गुळगुळीत, चेहरे शांत, झाडाला विळखा घातलेल्या सापालासुद्धा बाईचं सुबक डोकं. पण दोघांचे पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटतच नाहीत. आणि परत डावीकडे आलो की मसाच्चोचा आदाम, पाऊल टाकतोय ते सगळं वजन टाकून.

हे फ्रेस्को आहे, म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावरचं काम. चुना आणि वाळूचा ताजा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवरच पाण्यात कालवलेला रंग लावायचा, मग चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्याच्या पोटातच अडकतो. त्यामुळे एका दिवसात होईल तेवढाच गिलावा करायचा, इटालियनमध्ये त्याला जोर्नाता म्हणतात, आणि हे आख्खं चित्र अशा फक्त चार जोर्नातांमध्ये झालंय. चार दिवसांचं काम! चुकलं तर खोडायची सोय नाही, गिलावा खरवडून परत पहिल्यापासून. हव्वेचं ते तोंड म्हणून इतक्या थोड्या, इतक्या दणकट फटकाऱ्यांत आहे, कोरत बसायला वेळच नव्हता, आणि मला वाटतं कोरलं असतं तर ती किंकाळी राहिलीच नसती.

आणखी एक बघा. बायबलमध्ये, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, बाहेर घालवायच्या आधी देव दोघांना चामड्याची वस्त्रं घालतो. मसाच्चोने ती दिलेलीच नाहीत. उघडे आहेत दोघं, पायाखाली ओसाड जमीन, मागचं दार अगदी अरुंद, आणि आदामचा मागचा पाय अजून त्या दारापाशीच आहे. उजेड येतोय उजवीकडून, कारण चॅपलची खरी खिडकीसुद्धा त्याच बाजूला आहे, त्यामुळे सावल्या पडल्यात त्या मागे, दाराच्या दिशेने.

ज्याने हे काम सांगितलं तो फेलिचे ब्रांकाच्ची, रेशमाचा व्यापारी, फ्लॉरेन्सचा राजदूत म्हणून कैरोपर्यंत जाऊन आलेला माणूस. 1434 मध्ये मेदिची घराणं सत्तेवर आलं आणि पुढे विरोधी गटातल्या ह्यालाच शहरातून हद्दपार व्हावं लागलं. तोपर्यंत मसाच्चो नव्हताच, तो 1428 मध्ये रोममध्ये वारला, 26 व्या वर्षी. चॅपल अर्धवट राहिलं, ते 1480 च्या दशकात फिलिप्पिनो लिप्पी ह्या चित्रकाराने पुरं केलं. पुढे मायकेल अँजेलो पोरसवदा असताना इथेच भिंतींवरून चित्रं उतरवून शिकायला यायचा, आणि इथल्याच भांडणात बरोबर शिकणाऱ्या तोरिजानोने त्याचं नाक फोडलं.

मग 1680 च्या सुमाराला कोणाला तरी ही नग्नता सहन होईना आणि दोघांच्या कमरेवर पानं रंगवली गेली. 1771 मध्ये चर्चला आग लागली, चॅपल कसंबसं वाचलं, पण सगळं धुराने काळवंडून गेलं. कितीतरी पिढ्यांनी मसाच्चो पाहिला तो असा, काळपट, आणि तोच त्याचा रंग समजून. 1932 मध्ये वेदीच्या संगमरवराआड झाकला गेलेला थोडासा भाग उघडा झाला तेव्हा कळलं की मूळ रंग किती स्वच्छ आणि उजळ होते. 1980 च्या दशकात मोठं रिस्टोरेशन झालं, काजळी निघाली आणि पानंही निघाली.

पानं निघाल्यावर जे दिसतं ते आता परत एकदा नीट बघूया, अगदी जवळून. हव्वा हातांनी अंग झाकतेय, एक हात छातीवर, एक खाली, जुन्या रोमन व्हीनस देवीच्या पुतळ्यांसारखी. आदामने अंग झाकलेलंच नाही. त्याचे दोन्ही हात तोंडावर आहेत, आणि तो तसाच, न बघता, पुढचं पाऊल टाकतोय.