किती फूट?

(आयर्विन पूल, सकाळ. पाणीपातळीची पट्टी.)

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच, "किती फूट?" आयर्विन पुलाजवळ ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली.

एरवी हा आकडा मोबाइलवर येतो. पण टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी उतरली की जनरेटर. आणि जनरेटरचं डिझेल पुराच्या पाण्यातून नेणार कोण?

(विश्रामबाग. एका घराची गच्ची.)

कपडे वाळत घालायची दोरी वाटते ना? ही हॅम रेडिओची, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांच्या रेडिओची, अँटेना आहे. दहा-दहा मीटरच्या दोन तारा, मधून खाली उतरणारी केबल. सात मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींसाठी एवढं पुरतं. हॅम मंडळींची धडपड असते तार उंच बांधायची, कारण त्यांना ब्राझीलशी बोलायचं असतं. इथे या घरातल्या हॅम काकांनी ती मुद्दाम खाली बांधली आहे. खालच्या तारेच्या लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात आणि तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात पसरतात. पुणे, मुंबई त्यातच आली. मध्ये ना टॉवर, ना केबल. खाली टेबलावर रेडिओचा सेट, शेजारी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी.

उपग्रहावरून इंटरनेट आल्यावर याची गरज काय? प्रश्न रास्त आहे. निरोप पोचवण्याचं बरंचसं काम उपग्रह करतील, आणि चांगलं करतील. पण हॅमवाले त्यांच्याकडे रुसून बघत बसलेले नाहीत. २०१८ मध्ये सोडलेल्या एका कतारी उपग्रहावर त्यांचाही ट्रान्सपाँडर, म्हणजे आलेला संदेश परत खाली पाठवणारं यंत्र, आहे. सांगलीतून पश्चिमेला छोटी डिश वळवली की तो ऐकू येतो. कानाला निव्वळ खरखर वाटावी अशा आवाजातून निरोप वेचणारी एफटी-८ ही पद्धत २०१७ ची. ती घडवणाऱ्या दोघांपैकी जो टेलर हे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ.

काकांची पुतणी तर रेडिओवर बोलतच नाही. तिच्याकडे काडेपेटीएवढे लोरा बोर्ड आहेत, थोड्याशा विजेवर दूरवर मजकूर पाठवणारे. सिमकार्ड नाही, लायसन्सही नको. एका बोर्डाकडून दुसऱ्याकडे मजकूर उड्या मारत जातो. काकांना ते खेळणं वाटतं. तरी गच्चीवरच्या खांबाला एक बोर्ड त्यांनीच बांधून दिला आहे.

सेट कुरिअरने येतो. ऑपरेटर तसा येत नाही. बाराव्या वर्षापासून हॅम लायसन्सची परीक्षा देता येते, पण ऐन गोंधळात थोडक्यात, स्पष्ट बोलायची सवय लागायला कित्येक रविवार जातात.

(रविवार, सकाळचे आठ. सेटची खरखर.)

पुण्याहून हाक येते. काका माइक पुतणीच्या हातात देतात.

"सांगली, पुलावर किती? ओव्हर."

ती खिडकीबाहेर बघते. कोरडं ऊन.

"अकरा फूट. ओव्हर."